एकाच नावाचे अनेक उच्चार : बाळाचे नाव नोंदवण्यापूर्वी काय काय तपासावे

ऋजुता हे नाव पुण्यातल्या शाळेत ‘रुजुता’ असे पुकारले जाते. इंदूरच्या शाळेत हेच नाव हजेरीपटावर देवनागरीत लिहिलेले असूनही ‘रिजुता’ होते. बंगळुरूच्या किंवा लंडनच्या कचेरीत कोणता उच्चार कानावर पडेल, हे तर आईवडिलांनी रोमन लिपीत ‘आर’नंतर ‘यू’ लिहिला की ‘आय’ लिहिला एवढ्यावरच ठरते. त्या मुलीला आयुष्यभर या सगळ्या हाकांना ‘ओ’ द्यायची असते.

अशी नावे ठेवूच नयेत, असे मला मुळीच वाटत नाही. ऋ, ज्ञ, ळ, ण ही अक्षरे अडचणीची म्हणून आपण एकेक नाव बाजूला सारत गेलो, तर मराठीचा म्हणून जो खास नाद आहे तो आपल्याच मुलांच्या नावांतून नाहीसा होईल. मात्र नावातला कोणता ध्वनी आपल्याला राखायचाच आहे आणि कोणत्या ध्वनीत फरक पडला तरी चालेल, हे जन्मदाखल्यावर नाव चढण्यापूर्वी आईवडिलांनी ठरवलेले असले पाहिजे. हे कसे ठरवायचे आणि ठरल्यावर कागदोपत्री कसे पक्के करायचे, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

पायरी १ : नावातले निसरडे अक्षर शोधा

नाव मनात आले की ते देवनागरीत लिहावे आणि त्यात पुढीलपैकी काही आहे का, ते पाहावे.

सर्वांत ठळक उदाहरण ज्ञ या अक्षराचे आहे. मराठी माणूस त्याचा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, हिंदी भाषक ‘ग्य’ असा करतो आणि गुजरातीत तो ‘ग्न’च्या जवळ जातो. म्हणून प्रज्ञा, यज्ञेश, ज्ञानदा, सुज्ञा, अभिज्ञा ही नावे प्रांत ओलांडताच बदलतात. ऋचे तसेच आहे. मराठी, गुजराती, कन्नड आणि तेलुगू बोलणारे ‘रु’कडे झुकतात, तर हिंदीत ‘रि’ होते. ऋचा, ऋतुजा, ऋत्विक, मृण्मयी, कृपा, वृंदा या सर्व नावांना हे लागू पडते. हृषीकेशाच्या बाबतीत तर लेखनच दुभंगलेले आहे. हृषीक म्हणजे इंद्रिये आणि त्यांचा ईश तो हृषीकेश, हे मूळ रूप बाजूला राहून ‘ऋषिकेश’ आणि ‘ऋषीकेश’ ही रूपे इतकी रूढ झाली आहेत की, एकाच वर्गातल्या दोन मुलांची नावे तीन प्रकारे लिहिलेली आढळू शकतात.

ळ हिंदीच्या प्रमाण उच्चारात नाही आणि इंग्रजीतही नाही. अलीकडे ओंजळ, मृणाळिनी अशी नावे आवडीने ठेवली जातात. महाराष्ट्राबाहेर, किंवा महाराष्ट्रातच रोमन लिपीत लिहिताक्षणी, त्यांचे ‘ओंजल’ आणि ‘मृणालिनी’ होणार हे धरून चालावे. ण आणि न यांतला भेद रोमन लिपीत दिसत नाही, त्यामुळे श्रावणी, प्रणव, अर्णव यांचे पुढे काय होते ते सर्वांना परिचित आहे.

च, ज आणि झ यांची अडचण थोडी वेगळी आहे, कारण ती देवनागरीतही दिसत नाही. ‘जीवन’ आणि ‘जगणे’ या शब्दांतले ज वेगळे आहेत, ‘चिमणी’ आणि ‘चमचा’ या शब्दांतले च वेगळे आहेत, पण लिहिताना आपण एकच अक्षर वापरतो. जुई या नावातला ज ‘जगणे’मधला आहे. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. नागपूरच्या हिंदी भाषक शेजाऱ्याला किंवा हैदराबादच्या मैत्रिणीला मात्र ते ठाऊक असण्याचे कारण नाही. ते ‘जीवन’मधला ज लावूनच हाक मारतात. रोमन लिपीत ‘जे’ लिहिल्यास हाच उच्चार पक्का होतो आणि ‘झेड’ लिहिल्यास इंग्रजी वाचणारा भलताच घर्षणयुक्त ध्वनी काढतो. आपला ज या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी राहतो. जुई ठेवायचे असेल तर हे मान्य करूनच ठेवावे, आणि ते नाव इतके सुंदर आहे की अवश्य ठेवावे.

अनुस्वाराकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. व, श, स, ह यांच्या आधी अनुस्वार आला की मराठीत त्याचा उच्चार नाकातून काढलेल्या ‘व’सारखा होतो. संहिता, अंशुमान, वंश ही नावे आपण तशी म्हणतो, हिंदीत तिथे सरळ ‘न’ ऐकू येतो आणि दक्षिणेत ‘म’. रोमन लिपीत संहिताच्या दुसऱ्या ध्वनीसाठी ‘एन’ लिहायचा की ‘एम’, हा प्रश्न यातूनच उद्भवतो.

ह्न, ह्म, ह्ल या जोडाक्षरांत मराठी जीभ अक्षरांची अदलाबदल करते. जाह्नवीचे जान्हवी, प्रह्लादचे प्रल्हाद आणि आह्लादचे आल्हाद होते. यांपैकी कोणते रूप लिहायचे ते आधी ठरवावे. माझे मत असे की, घरात सर्वजण ‘जान्हवी’ म्हणणार असतील तर तसेच लिहावे, कारण लिहायचे एक आणि म्हणायचे दुसरे असे झाले की शाळेतल्या प्रत्येक नव्या शिक्षकापुढे तोच खुलासा करत बसावे लागते. ऐ आणि औ हे स्वर हिंदीत ‘ॲ’ आणि ‘ऑ’च्या जवळ जातात, म्हणून मैथिली, कैवल्य, शौनक, कौस्तुभ यांचा उच्चार उत्तरेत निराळा ऐकू येतो. तो फरक बहुतेकांना खटकत नाही.

पायरी २ : मूल कोणकोणत्या भाषांच्या सहवासात वाढणार, ते लिहून काढा

एकच नाव सर्वत्र सारखेच अडचणीचे नसते. म्हणून उगाच जगभराचा विचार न करता, पुढील दहा-पंधरा वर्षांत मुलाला कोण हाक मारणार आहे याचा विचार करावा. आजोळ कोठे आहे, शाळा कोणत्या माध्यमाची असेल, आईवडिलांची नोकरी कोणत्या शहरात जाण्याची शक्यता आहे, एवढे पुरेसे आहे.

वडोदरा, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना ज्ञ आणि ऋ यांचा अनुभव असतोच. घरात ‘प्रद्न्या’ आणि बाहेर ‘प्रग्या’ हे त्यांनी स्वीकारलेले असते. बेळगाव किंवा बंगळुरू येथे ळ आणि ण सुखरूप राहतात, कारण कन्नडमध्ये ते ध्वनी आहेत. तिथे प्रश्न रोमन लिपीतल्या ‘टी-एच’चा येतो. दक्षिणेत त साठी ‘टी-एच’ लिहिण्याची पद्धत आहे, त्यामुळे लता, गीता, अद्वैत यांचे स्पेलिंग तिथल्या पद्धतीने केले की ते महाराष्ट्रात ‘लथा’, ‘गीथा’, ‘अद्वैथ’ असे वाचले जाते. चेन्नईत शाळा असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे, म्हणून तमिळमध्ये लिहिलेले गार्गी हे नाव ‘कार्गी’ असे वाचले जाऊ शकते. कोलकात्यात व चा ब होतो आणि अ चा ओ कडे कल असतो. वेद तिथे ‘बेद’ होतो आणि हे तिथल्या भाषेच्या नियमाप्रमाणेच घडते, कोणाच्या निष्काळजीपणामुळे नव्हे.

परदेशाच्या बाबतीत रोमन अक्षर त्या देशात कसे वाचले जाते ते पाहावे लागते. जर्मनीत ‘जे’ हे अक्षर य म्हणून वाचतात, म्हणजे जुईची ‘युई’ होते आणि जयचा आरंभ य ने होतो. तिथे ‘व्ही’ हे अक्षर अनेकदा फ म्हणून वाचले जाते, म्हणून वेदांतचा ‘फेदांत’ होण्याची शक्यता गृहीत धरावी. स्पॅनिश भाषेत ‘जे’चा उच्चार घशातून येणाऱ्या ह सारखा असतो. फ्रेंचमध्ये शब्दारंभीचा ह उच्चारला जात नाही, त्यामुळे हर्षचा ‘आर्श’ होतो. अरबीत प नाही, म्हणून आखातात स्थानिक माणूस प्राचीला ‘ब्राची’ म्हणण्याचा संभव असतो. जपानीत र आणि ल हे वेगळे ध्वनी नाहीत, लीला तिथे ‘रीरा’ होते. इंग्रजी भाषक देशांत इरा हे नाव ‘आय-आर-ए’ असे लिहिले की ते ‘आयरा’ वाचले जाते, आणि तिकडे ते जुन्या वळणाचे पुरुषी नाव म्हणूनही ओळखले जाते. मुलीचे नाव इरा ठेवणाऱ्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या आईवडिलांना हे नाव नोंदवण्याआधी कळलेले बरे.

पायरी ३ : रोमन लिपीतले स्पेलिंग ठरवा

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वाधिक वेळ या पायरीला द्यायला हवा. प्रत्यक्षात बाळाची माहिती भरणारा कर्मचारी समोर उभा असताना दोन मिनिटांत स्पेलिंग सांगून टाकले जाते आणि मग तेच आयुष्यभर चालते.

रोमन लिपीत २६ अक्षरे आहेत आणि सरकारी कागदपत्रांवर त्यांच्या डोक्यावर किंवा खाली खुणा देता येत नाहीत. त्यामुळे त आणि ट, द आणि ड, न आणि ण, अ आणि आ यांतला भेद नाहीसा होतो. मंदार हे नाव मराठी न जाणणाऱ्याने ‘मंडार’ असे वाचले, तर त्याला दोष देता येत नाही, कारण समोर लिहिलेल्या ‘डी’ने त्याला द सांगितलेलाच नसतो. ‘डी’ऐवजी ‘डी-एच’ लिहून हा प्रश्न सुटत नाही, उलट मग ‘मंधार’ वाचले जाते. अशा ठिकाणी स्पेलिंगशी झटापट करू नये. साधे, रूढ स्पेलिंग ठेवावे आणि उच्चार तोंडी सांगावा.

जिथे स्पेलिंगने खरोखर फरक पडतो, त्या जागा मोजक्या आहेत.

पहिली जागा म्हणजे अ आणि आ यांचा गोंधळ होऊन नावच बदलते ती. सई हे नाव घेऊ. ‘एस-ए-आय’ असे लिहिले की महाराष्ट्रातलाच माणूस ते ‘साई’ असे वाचतो, कारण साईबाबांच्या नावामुळे ही तीन अक्षरे सर्वांच्या डोळ्यांत बसलेली आहेत. ‘एस-ए-ई-ई’ असे लिहिले की मराठी वाचक ‘सई’ म्हणतो, परंतु इंग्रजी भाषक तिथेही अडखळतो. ‘एस-ए-वाय-ई-ई’ लिहिल्यास मध्ये य शिरतो. या तिन्हींतून निवड करायची झाली तर मी दुसरे रूप निवडेन, कारण त्यात निदान दुसऱ्याच एखाद्या प्रचलित नावाशी घोटाळा होत नाही. हा निकष सर्वत्र उपयोगी पडतो. जे स्पेलिंग दुसरे परिचित नाव बनते ते टाळावे, आणि जे केवळ अपरिचित दिसते ते चालवून घ्यावे. मानसमध्ये पहिला ‘ए’ एकदा लिहावा की दोनदा, कमल आणि कमाल यांत भेद कसा राखावा, हे प्रश्न याच निकषाने सुटतात.

दुसरी जागा नावाच्या शेवटी येते. मराठीत अथर्व, शौर्य, दिव्य, चैतन्य, आर्य या नावांच्या शेवटचे जोडाक्षर थोडासा अ ठेवून म्हटले जाते. रोमन लिपीत तो अ दाखवायला ‘ए’ लिहिला की तो ‘आ’ म्हणून वाचला जातो. अथर्वचे ‘अथर्वा’ झाल्याने फारसे बिघडत नाही. दिव्यचे ‘दिव्या’ झाले की मात्र मुलाचे नाव मुलीचे होते, आणि वसतिगृहाच्या यादीपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत त्याचा त्रास होतो. आर्य आणि आर्या, शौर्य आणि शौर्या यांचेही तसेच आहे. उत्तरेत अथर्वचा शेवटचा ‘ए’ गाळून लिहिण्याची पद्धत रूढ आहे आणि ती उच्चाराला जवळची आहे, म्हणून अथर्वला ती चालते. दिव्यचा शेवटचा ‘ए’ गाळला तर जे उरते ते कोणालाच नीट वाचता येत नाही. मुलाचे नाव दिव्य ठेवायचेच असेल, तर दिव्यांश, दिव्येश अशा लिंगनिश्चिती करणाऱ्या रूपाचा विचार करावा.

तिसरी जागा ज्ञ आणि ऋ यांची. ज्ञसाठी मराठी लोक ‘डी-एन-वाय’ लिहितात, हिंदी पट्ट्यात ‘जी-वाय’ लिहितात आणि दक्षिणेत व संस्कृतच्या अभ्यासकांत ‘जे-एन’ रूढ आहे. ‘डी-एन-वाय’ पाहिल्यावर परका वाचक क्षणभर थबकतो हे खरे, पण त्या तीन अक्षरांतून त्याला जे म्हणता येते ते आपल्या उच्चाराच्या बरेच जवळ असते. इथे एक मौज घडते. हिंदी भाषक माणूस देवनागरीतले ‘प्रज्ञा’ वाचताना ‘प्रग्या’ म्हणतो, आणि तेच नाव मराठी वळणाच्या रोमन स्पेलिंगमध्ये वाचताना ‘प्रद्न्या’ म्हणतो. म्हणजे मराठी उच्चाराचा आग्रह असेल तर ‘डी-एन-वाय’ सोडू नये. मूल उत्तर भारतातच वाढणार असेल आणि ‘प्रग्या’ ऐकायला हरकत नसेल, तर ‘जी-वाय’ लिहिणे सोयीचे आहे. ‘जे-एन’ घेऊ नये असे मी सुचवेन, कारण त्याचा उच्चार कोणीही निश्चितपणे करू शकत नाही. ऋसाठीही असाच विचार करावा. ‘रुजुता’ हवे असेल तर ‘आर-यू’ लिहावे, त्याआधी शोभेसाठी ‘एच’ जोडू नये. हृ असलेल्या हृदया, हृषीकेश अशा नावांत मात्र ‘एच’ला खरा आधार आहे.

अंकशास्त्राप्रमाणे एखादे अक्षर वाढवण्याची पद्धत बरीच पसरली आहे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी वाद नाही, परंतु वाढवलेले अक्षर वाचले जाणारच आहे. नावात दुसरा ‘ए’ आला की तिथे ‘आ’ होणार आणि शेवटी ‘एच’ आला की कोणीतरी तो उच्चारणार. म्हणून अंक जुळवल्यानंतरचे रूप पुढच्या पायरीतील परीक्षेला बसवावे आणि मगच स्वीकारावे.

पायरी ४ : नाव अनोळखी माणसांच्या तोंडी देऊन पाहा

घरातल्या कोणालाही नावाचा उच्चार विचारून उपयोग नाही, कारण त्यांनी तो आधीच ऐकलेला असतो. कोऱ्या कागदावर रोमन लिपीत पूर्ण नाव लिहावे आणि ते नाव ठाऊक नसलेल्या पाच-सहा माणसांना, स्वतः एकदाही न उच्चारता, मोठ्याने वाचायला सांगावे. त्यांत एखादा सहकारी हिंदी भाषक असावा, एखादा दक्षिणेतला असावा आणि शक्य असल्यास एखादे असे शाळकरी मूल असावे ज्याला मराठी फार वाचता येत नाही. ते जे म्हणतील ते तसेच्या तसे लिहून घ्यावे आणि त्या वेळी दुरुस्त करू नये. त्यानंतर हेच देवनागरीत करावे.

मग उलट दिशेने परीक्षा घ्यावी. कोणाला तरी फोनवर फक्त नाव सांगावे आणि ते लिहून घ्यायला सांगावे. गॅसचे बुकिंग, दवाखान्याची वेळ, बँकेची चौकशी अशा असंख्य प्रसंगी नाव फोनवरून सांगावे लागते. ‘आर फॉर राजा, यू फॉर उमा’ असे दर वेळी सुरू करावे लागेल का, हे या परीक्षेतून कळते. तिसरी गोष्ट, खिडकीतून अंगणात खेळणाऱ्या मुलाला मारावी तशी त्या नावाने जोरात हाक मारून पाहावी. मृण्मयी किंवा हृषीकेश लांबून हाकारताना कोणता स्वर ताणला जातो आणि कोणते अक्षर गिळले जाते, ते लगेच ध्यानात येते. घरातले हाकेचे नाव बहुधा तिथूनच जन्म घेते.

आता आपल्याकडे चार-सहा वेगवेगळे उच्चार जमलेले असतील. त्यांपैकी जो सर्वाधिक वेळा आला आणि जो आपल्या उच्चारापासून सर्वांत दूर आहे, ते दोन समोर ठेवावेत. हा उच्चार मुलाला रोज ऐकावा लागला तर चालेल का, त्याचा कोणत्याही परिचित भाषेत हास्यास्पद किंवा अश्लील अर्थ होतो का, त्यामुळे ते दुसऱ्याच नावात किंवा दुसऱ्या लिंगात जाते का, असे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर उच्चारभेद कितीही असले तरी नाव निःशंकपणे ठेवावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर आधी स्पेलिंग बदलून पाहावे आणि तेही साधले नाही तरच नाव बदलावे.

पायरी ५ : घरातल्या मतांचा आणि बोलींचा मान राखा

नावाचा उच्चार घरातच वेगवेगळा होणे यात अस्वाभाविक काही नाही. अनेक बोलींत ण चा न होतो, वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो आणि डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. गावाकडच्या आजीने नातवाला ‘प्रनव’ म्हटले, तर ती तिच्या बोलीची शुद्ध हाक आहे. सुनेने किंवा मुलाने ती चारचौघांत दुरुस्त करू नये. मूल लहान वयातच आजीची हाक आणि शाळेची हाक यांतला फरक समजून घेते.

बारशाच्या वेळी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, त्याआधी आईवडील, दोन्हीकडचे आजीआजोबा आणि आत्या यांनी उच्चाराबाबत एकदा बोलून घ्यावे. पत्रिकेप्रमाणे आलेल्या अक्षराचा आग्रह असेल तर एक जुनी सोय आहेच. नक्षत्रचरणांच्या अक्षरांत आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्या चरणाला ञ आणि हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण येतो. या अक्षरांनी सुरू होणारे व्यवहारातले नाव मिळणेच कठीण, त्यामुळे जन्मनाव पत्रिकेत आणि व्यावहारिक नाव जगात, ही विभागणी पूर्वापार चालत आली आहे. उच्चाराला अवघड पण घरच्यांना प्रिय असलेले नाव याच रीतीने पत्रिकेत ठेवता येते.

पायरी ६ : नोंदणी करताना अक्षर न अक्षर तपासा

जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे जायला हवी, आणि रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती रुग्णालय पाठवते. परंतु त्या वेळी नाव द्यावेच लागते असे नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे बाळाच्या नावाशिवाय जन्माची नोंद होऊ शकते. त्यानंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येते आणि पुढे ठरावीक विलंब शुल्क देऊन १५ वर्षांपर्यंत. नाव निश्चित नसेल तर रकाना रिकामा ठेवण्याची विनंती करावी आणि घाईने काहीतरी लिहून देऊ नये. लेखनातली चूक दुरुस्त करून घेता येते, पण एकदा चढलेले नाव बदलणे तितके सोपे नसते.

हे पूर्वीपेक्षा आता अधिक महत्त्वाचे झाले आहे. कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी अशा कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे. पारपत्रासाठीही या मुलांच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. म्हणजे दाखल्यावर जे स्पेलिंग, तेच पुढे सर्वत्र.

महाराष्ट्रात जन्मदाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत असे दोन्ही प्रकारे असते. अर्ज भरताना दोन्ही रूपे स्वतः, सुवाच्य आणि सुटी अक्षरे काढून लिहून द्यावीत. फक्त इंग्रजी लिहून दिले तर मराठी रूप दुसरा कोणीतरी आपल्या समजुतीने तयार करतो. आधार केंद्रावर हे प्रत्यक्ष पाहायला मिळते. कर्मचारी रोमन अक्षरे टाइप करतो आणि शेजारच्या चौकटीत संगणक आपोआप देवनागरी रूप उमटवतो. तिथे ‘ऋतुजा’ऐवजी ‘रुतुजा’, ‘प्रज्ञा’ऐवजी ‘प्रद्न्या’ आणि ‘सई’ऐवजी ‘साई’ उमटू शकते. पडद्यावरची ती देवनागरी चौकट वाचल्याशिवाय आणि पोचपावतीवरचे नाव पुन्हा तपासल्याशिवाय तिथून उठू नये, कारण आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. त्यातली एक संधी बाळ वर्षाचे होण्याआधीच खर्ची पडू नये.

नावाच्या लांबीचाही विचार करावा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांत ठरवून दिला आहे. पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचण्यासाठी ज्या दोन ओळी असतात, त्यांतील पहिल्या ओळीत नावासाठी ३९ जागा असतात आणि शब्दांमधली रिकामी जागाही त्यातच मोजली जाते. मृणाळिनी, ज्ञानेश्वरी यांसारख्या नावाला रोमन लिपीत नऊ ते बारा अक्षरे लागतात. त्यापुढे आई, वडील आणि लांब आडनाव आले की ओळ अपुरी पडून नाव तुटते. चारही भाग एका ओळीत लिहून अक्षरे मोजणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

पायरी ७ : शाळेत नाव पोहोचवा

प्रवेशाच्या दिवशी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव जन्मदाखल्याप्रमाणेच लिहिले गेले आहे ना, ते पाहावे. वर्गशिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात भेटून उच्चार एकदा सांगावा. शक्यतो मुलासमोर आणि हसतमुखाने सांगावा, म्हणजे नाव कसे समजावून द्यायचे हे मूलही शिकते. ‘बाई, ती ऋजुता आहे, रुमालातला रु’ एवढे पुरते. मूल चार-पाच वर्षांचे झाले की त्याला हेच वाक्य स्वतः म्हणू द्यावे. परदेशात असाल तर ‘तुम्हाला जमेल तसे म्हणा’ असे चुकूनही म्हणू नये. एकदा तसे म्हटले की समोरचा प्रयत्न करायचे सोडून देतो. त्याऐवजी नावाचे तुकडे पाडून दोनदा सावकाश म्हणून दाखवावे आणि ळ किंवा ज यांच्यासारखा एखादा ध्वनी त्याला जमला नाही तर तो आपण होऊन सोडून द्यावा. कोणता ध्वनी सोडायचा हे पहिल्या चार पायऱ्यांत ठरलेले असल्याने त्याचे वाईट वाटत नाही.

दहावीच्या आधी शिक्षण मंडळाकडून शाळेत येणारी प्री-लिस्ट, म्हणजे विद्यार्थ्यांची माहिती तपासण्यासाठीची यादी, हा तपासणीचा पुढचा महत्त्वाचा टप्पा आहे. तिथे सही करण्यापूर्वी आईवडिलांनी आणि विद्यार्थ्याने दोघांनीही नाव वाचावे, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावरचे स्पेलिंग पुढे महाविद्यालयात आणि नोकरीत आधाराला धरले जाते.

मुलाने मोठेपणी वेगळा उच्चार स्वीकारला, उदाहरणार्थ दिल्लीत शिकणाऱ्या प्रज्ञाने स्वतःची ओळख ‘प्रग्या’ अशी करून द्यायला सुरुवात केली, तर तो तिचा अधिकार मानावा. घरात आपण आपली हाक चालू ठेवावी. स्पेलिंगच बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याची रीतसर सोय आहे. १८ वर्षांखालील मुलासाठी पालक अर्ज करतात आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर व्यक्ती स्वतः करते. तसे करायचे ठरले तर आधी राजपत्र, मग आधार, त्यानंतर पारपत्र आणि बँक असा क्रम धरावा, आणि राजपत्राच्या त्या पानाच्या प्रती मूळ जन्मदाखल्यासोबतच ठेवाव्यात, कारण जुन्या आणि नव्या नावाचा दुवा पुढे प्रत्येक ठिकाणी मागितला जातो.